बारा दिवस, साठ लिटर आणि गाडीतली मोरी

आंघोळ-संडासाची सोय आतच केलेली आमची राहायची गाडी घेऊन आम्ही दोघं बारा दिवस फिरून आलो. पहिल्या मुक्कामी गाडी जरा डाव्या अंगाला कलली होती आणि मोरीची जाळी नेमकी उजव्या कोपऱ्यात. आंघोळीचं पाणी जाळीकडे ढुंकूनही न बघता थेट दाराच्या उंबऱ्याकडे निघालं. घरी महिनाभर खपून काढलेला उतार अर्ध्या विटेएवढ्या तिरक्या जमिनीने निकालात काढला. नवरा टॉवेल घेऊन उंबऱ्यावर बसला, मी आत साबण लावलेल्या अवस्थेत उभी. जागा जेमतेम अडीच फूट बाय अडीच फूट, त्यामुळे वळून काही शोधायचीही सोय नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाडी लावली की आधी पाणसळ ठेवायची आणि गरज पडली तर खालच्या बाजूच्या चाकाखाली लाकडी ठोकळा द्यायचा, हा नेमच झाला. नव्याने बांधणाऱ्यांनी मात्र समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन जाळ्या बसवून त्या खाली एकाच नळीला जोडाव्यात. नंतर जमीन फोडून हे करणं जिवावर येतं. आमच्या तर आलंच आहे.

साठ लिटरची टाकी ऐकायला मोठी वाटते. पहिल्या संध्याकाळी मी घरच्यासारखी पाच मिनिटं शॉवरखाली उभी राहिले आणि पंचवीस लिटर संपवले. मग शहाणपण आलं: अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण, पुन्हा नळ. शॉवरच्या मुठीवरच बंद करायचं बटण असेल तर चार लिटरमध्ये नीट आंघोळ होते. केस धुवायचे असतील तर सहा धरा. मोठी टाकी बसवायचा मोह होईल, पण लिटरमागे एक किलो वजन वाढतं, आणि जेवढं पाणी आत घ्याल तेवढंच सांडपाणी कुठेतरी साठवावं लागतं. आमची सांडपाण्याची टाकी चाळीस लिटरची. खरा हिशेब तिचाच, ती भरली की आंघोळ बंद.

चौथ्या दिवशी घाट लागला आणि तासाभरात गाडीत गटाराचा वास. संडासावर संशय घेऊन तो दोनदा धुतला. चोर निघाली मोरी. जाळीखालच्या वाकड्या नळीत वास अडवायला थोडं पाणी साठून असतं, ते वळणावळणांत हिंदकळून गेलं होतं आणि टाकीतली हवा सरळ वर येत होती. तात्पुरता उपाय म्हणजे निघताना जाळीला बूच. पक्का उपाय म्हणजे पाण्याविना चालणारा व्हॉल्व्ह. त्यात सिलिकॉनची चपटी नळी असते. पाणी आलं की ती उघडते, गेलं की मिटते.

संडास आम्ही कॅसेटचा घेतला, म्हणजे मैल्याची टाकी खालून ओढून काढून रिकामी करता येते असा. खालची टाकी अठरा लिटरची, दोघांत तिसऱ्या दिवशी भरते. पाण्याने धुत असाल तर त्याहून लवकर. पहिल्यांदा रिकामी करताना टाकीवरचं हवेचं बटण दाबायचं राहिलं. टाकीने गटकन एक आवंढा गिळला आणि माझ्या बुटांवर ओकली. यापुढचं वर्णन वाचकांवर सोडते. तोंड खाली करून ओतताना ते बटण दाबून धरा, धार एकसारखी पडते. मैला फक्त त्यासाठी ठेवलेल्या जागी किंवा परवानगी घेऊन संडासातच ओतायचा. ओढ्याकाठी, झुडपात कदापि नाही. सेप्टिक टँकमध्ये जाणार असेल तर फॉर्मॅल्डिहाइडवालं रसायन वापरू नका, त्याने तिथले जिवाणू मरतात.

या टाकीच्या तोंडावरच्या सरकत्या झडपेच्या रबराला आठवड्यातून एकदा सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगून खराब होऊ शकतं. लघवीचे पांढरे थर सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर भिजवले की सुटतात. पण ॲसिड आणि ब्लीच एकत्र आणू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि एवढ्याशा खोपटात पळायला जागा नसते.

वाटेत एका जोडप्याच्या गाडीत कोरडा संडास पाहिला. लघवी पुढच्या डब्यात, बाकीचं मागे नारळाच्या भुशात, आणि ओल बाहेर फेकणारा छोटा पंखा. दोन्ही वेगळं ठेवल्यामुळे वास खरोखरच नव्हता. लघवीचा डबा मात्र रोज ओतावा लागतो आणि धुण्याचं पाणी मागच्या डब्यात गेलं तर सगळा चिखल. आम्हाला ते जमणार नाही, पण पाणी दुर्मीळ असलेल्या भागात फिरणाऱ्यांनी विचार करावा.

उंचावरच्या दोन रात्री पारा शून्याखाली जाणार होता. झोपण्यापूर्वी पंप बंद करून सगळे नळ उघडे टाकले आणि नळ्या रिकाम्या केल्या. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि सांधे फोडतं. त्या रात्री तोंड धुवायला बाटलीतलं पाणी उशाशी.

आंघोळीनंतर छतावरचा पंखा अर्धा तास चालवा आणि भिंती रबरी पट्टीने निपटून घ्या. हे आम्ही इमानाने केलं, तरी परतल्यावर कोपऱ्यातला प्लायवूड बोटाने दाबला तर मऊ लागला. गाडी चालताना तिचा सांगाडा पिळला जातो, आणि त्या हिसक्यांनी सिलिकॉनचा सांधा केसभर सुटला होता. जुन्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही, म्हणून सगळं खरवडून, स्पिरिटने पुसून, पुरतं वाळल्यावर नवं भरलं आणि दिवसभर गाडी हलवली नाही. प्लायवूडचा तेवढा तुकडा बदलायचा आहे. तोवर आंघोळ घरातच.