लावणीच्या दिवसांतली नाइट

भातलावणी सुरू झाली की आमच्याकडे फुरसं चावलेले पेशंट यायला लागतात. मी सिंधुदुर्गातल्या एका ३० खाटांच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. रात्री वॉर्डात सिस्टर एकच, लेबर रूमही तिच्याच गळ्यात.

एका सर्पदंशात किती वेळ जातो ते सांगते, म्हणजे माझं गाऱ्हाणं कळेल. कोरड्या, स्वच्छ काचेच्या ट्यूबमध्ये २ मिली रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं न हलवता ठेवायचं. साबणाने धुतलेली ट्यूब चालत नाही, प्लास्टिकची तर नाहीच. मग तिरकी करून बघायची. गोठलं नसेल तर विष रक्तात उतरलंय. डॉक्टर एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, लिहितात, बहुतेक वेळा १० वायल (छोट्या बाटल्या). त्यातली पावडर विरघळवायला वेळ लागतो, घाईने हलवली की फेस होतो. (हे नातेवाइकांना दिसतं ते 'सिस्टर बाटल्या फिरवत बसल्यात' असं.) सलाइनमधून औषध सुरू झालं की पेशंटपाशीच उभं राहायचं. औषधाची रिअ‍ॅक्शन येऊन अंगावर पित्त उठलं, थंडी वाजली, बीपी उतरलं, तर अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन हाताशी हवं. सहा तासांनी परत तीच ट्यूबची तपासणी.

नेमकं तेव्हाच पलीकडून, "सिस्टर, जरा हय येवा!" सलाइन संपलेली असते. लेबर रूममध्ये पहिलटकरीण कळा देत असते. लोक ओरडतात. मला राग येतो, पण त्यांच्या जागी मीही ओरडलेच असते.

सरकारी नोकरी असल्याने माझा पगार तरी बरा. माझ्यासोबत जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली मैत्रीण खासगीत आहे. ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान २० हजार मिळावेत, अशी केंद्राच्या समितीची २०१६ची शिफारस आहे. तिला अजून तेवढे मिळत नाहीत. आता ती प्रोमेट्रिकचा, म्हणजे आखातात नर्स म्हणून जायला द्यावी लागणाऱ्या परीक्षेचा, अभ्यास करतेय, मस्कतला जायचं म्हणते. 'सेवाभाव कुठे गेला' असं विचारणाऱ्यांनी आधी तिची पगाराची स्लिप बघावी.

मी काही मोठं मागत नाही. जून ते सप्टेंबर रात्री दुसरी सिस्टर द्या, एवढंच यंदाही लेखी दिलं. उत्तर आलं, पदं रिक्त आहेत. ते मलाही माहीत आहे, त्या रिक्त पदांची ड्युटी मीच करते. पुढच्या महिन्यात पुन्हा अर्ज देणार आहे, या वेळी सर्पदंशाच्या रजिस्टरची झेरॉक्स जोडून.