तुम्ही विचारलंत म्हणून: पीडीएफ उघडते ना, मग अडचण काय?

ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी हे ऐकतो. ‘पीडीएफ उघडते ना तुमच्याकडे? मग परत वर्डची फाईल कशाला?’ आजवर ‘सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे हो’ म्हणून वेळ मारून नेली. खोटं बोललो. मी अंध आहे, आणि स्क्रीनवरचं मला मोठ्यानं वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर बिचारं निर्दोष आहे.

उघडते. वाचलीसुद्धा जाते. तुम्हाला रेघा दिसतात म्हणून तुमच्यासाठी तो तक्ता. फाईलमध्ये टॅग, म्हणजे कुठला आकडा कुठल्या रकान्यातला हे सांगणाऱ्या न दिसणाऱ्या खुणा, नसतील तर मला नुसते आकडे एकामागून एक ऐकू येतात. रिकाम्या चौकटीला आवाजच नसतो, पुढचा आकडा गुपचूप तिच्या जागी येऊन बसतो.

तीन वर्षांपूर्वी मुलीचा अकरावीचा फॉर्म भरायचा होता. तिला दहावीला पाचशेपैकी 446. एका क्लासवाल्यांनी आदल्या वर्षीच्या कट-ऑफची पीडीएफ पाठवली. डावीकडे कॉलेज, पुढे दहा प्रवर्ग, खुल्यापासून ईडब्ल्यूएसपर्यंत. आमचा ओबीसी, आठवा रकाना. ती म्हणाली, “बाबा, मी बघते ना.” मी म्हटलं, “बालवाडीपासून तुझा एकेक फॉर्म मीच भरलाय.” रात्री साडेअकराला हेडफोन लावून बसलो, बोटांवर मोजत. घराजवळच्या कॉलेजची ओळ आली. आठवा आकडा 463. संपलं. पहिली पसंती वाया कशाला घालवा, म्हणून दोन बस लांबचं कॉलेज वर टाकलं आणि जवळचं खाली.

पहिल्याच फेरीत लांबचं लागलं. पहिल्या पसंतीचं मिळालं की तेच घ्यावं लागतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. ॲडमिशन झाल्यावर एकदा तिनं तीच पीडीएफ उघडली. टेबलावर मोबाईल ठेवल्याचा आवाज आला. “बाबा, इथे मधल्या दोन चौकटी रिकाम्या आहेत. ओबीसीचा 441 आहे.” एवढंच. 463 ईडब्ल्यूएसचा होता.

न मिळणारं कॉलेज वर टाकल्यानं काही बिघडत नाही, हे मला नंतर कळलं. मग चूक पीडीएफची की माझी? शिवाय रकाने दहा, आणि आठव्या आकड्यानंतर लगेच पुढच्या कॉलेजचं नाव आलं होतं. मला ते खटकलं नव्हतं? खटकलं असावं. पण खात्री करायची म्हणजे तिला हाक मारायची, आणि तेच मला नको होतं. तरी सांगतो, डोळस बापाला हा हट्ट फुकटात करता येतो.

पूर्वी मी म्हणायचो, तक्ते बनवूच नका, सरळ ओळीत लिहा. मूर्खपणा होता. दहा प्रवर्ग ओळीत लिहिलेले ऐकणार कोण? तक्ता हवाच, पण खरा. वर्डमध्ये पहिल्या ओळीला ‘रिपीट हेडर रोज’ लावा, चौकटी मर्ज करू नका, रिकाम्या जागी निरंक लिहा (सरकारी कागदांनी दिलेला हा शब्द मला भलताच प्रिय आहे), आणि ‘प्रिंट टू पीडीएफ’ऐवजी ‘सेव्ह ॲज’नं पीडीएफ करा. प्रिंटच्या वाटेनं टॅग गळतात. नीट जमलं तर कंट्रोल-ऑल्टसोबत बाण दाबत मी रकान्यारकान्यानं सरकतो आणि आकड्याआधी ‘ओबीसी’ ऐकू येतं. यासाठी पीडीएफ/यूए हे आयएसओचं मानक 2012 पासून आहे, आपला दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. कलमं मी आता तोंडावर फेकत नाही, त्यानं फक्त चहाला बोलावणं बंद होतं. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या ‘मराठी’खाली ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं असतात आणि मला तीच ऐकावी लागतात, पण तो राग वेगळा.

आणि हो, गेल्या महिन्यात रजांचा तक्ता घाईत प्रिंट करून मीच एका अंध सहकाऱ्याला पाठवला. त्यानं काही न बोलता परत पाठवला.

काल आलेली हजेरीची पीडीएफ मीही परत पाठवली आहे. अर्ध्या चौकटी मर्ज होत्या. अजून उत्तर नाही. येईल तेव्हा ‘उघडते ना?’ असंच येईल.