बार्बरी

शनिवार, रात्री साडेअकरा

शेक्सपिअरचं ‘रिचर्ड दुसरा’ पुन्हा वाचून संपवलं. पाचव्या अंकातला तो मोतद्दार डोळ्यांपुढून हलत नाही.

इंग्लंडचा हा राजा दहाव्या वर्षी गादीवर बसला. देवानेच आपल्याला नेमलंय, या खात्रीत वाढला. १३९९ साली गाँटकाका वारले तशी त्यांची सगळी मालमत्ता जप्त करून तो आयर्लंडच्या मोहिमेवर निघाला. वारस होता हद्दपार चुलतभाऊ, बोलिंगब्रोक. दुसरा काका, म्हातारा यॉर्क, तोंडावर विचारतो: बापाचं मुलाकडे जाऊ देणार नसशील, तर तू तरी राजा कशाच्या जोरावर आहेस? माझ्या मते राज्य तिथेच गेलं. बोलिंगब्रोक फौज घेऊन उतरला ते नंतर.

मुकुट सोडताना रिचर्ड आडातल्या दोन पोहऱ्यांचं बोलतो. रिकामा वर हवेत झुलतोय, भरलेला खाली, कुणाला न दिसणारा. खालचा मी, आसवांनी भरलेला. (एलिझाबेथ राणीच्या हयातीत छापलेल्या प्रतींत हा प्रसंग नाहीच. तो १६०८ मध्ये छापला गेला.) आजवर मला हाच नाटकाचा कळस वाटायचा. आज नाही वाटला.

कारण तिथे रिचर्डपुढे सगळा दरबार आहे, बोलायला शब्द आहेत. पाँफ्रेटच्या किल्ल्यात त्याला कैदेत टाकलंय, त्या कोठडीत कुणी नाही. तिथे तबेल्यातला एक साधा माणूस मिनतवाऱ्या करून जुन्या धन्याचं तोंड बघायला येतो आणि सांगतो, राज्याभिषेकाच्या दिवशी नवा राजा तुमच्या बार्बरीवर बसला होता.

रिचर्ड विचारतो, कसा चालत होता?

ऐटीत. जमिनीला पाय लागू नयेत असा.

याच घोड्याने त्याच्या हातची भाकरी खाल्लेली. अडखळलासुद्धा नाही? राजा त्याला शिव्या देतो आणि लगेच त्याची क्षमा मागतो. ओझं वाहायलाच जन्मलेल्या जनावरावर का चिडावं? अख्ख्या नाटकात त्याने मागितलेली ही क्षमा मला सगळ्यांत खरी वाटते.

बाबा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले त्याला महिना झाला असेल. शाळेतले शिपाईमामा भेटायला आले होते. चहा झाल्यावर बाबांनी विचारलं, “नवे सर कसे आहेत?”

“चांगले आहेत. शाळा मस्त चाललीय.”

बाबा काहीच बोलले नाहीत. त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून मी तेच मोठ्याने पुन्हा सांगितलं.