चाळकेवाडीची सोनकी आणि कापलेला सूर्य

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फुलांसाठी कास पठारावर जायचं ठरलं होतं, आणि ऐनवेळी मी चाळकेवाडीच्या पठारावर गेले. कारण एकच, मला फुलाच्या फोटोसाठी मावळतीचा सूर्य हवा होता. कासला ठरावीक वेळांचं बुकिंग असतं. सूर्य टेकेपर्यंत तिथे रेंगाळायला मिळेल असं धरून चालू नये. शिवाय वार होता शनिवार. फुलांपेक्षा माणसं जास्त.

साताऱ्यात समर्थ मंदिराशी रस्ते फुटतात. एक यवतेश्वरवरून कासकडे जातो, दुसरा बोगद्यातून सज्जनगड, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडी. मामेभावाच्या बाईकवर चार वाजता निघालो. पेट्रोल साताऱ्यातच भरून घ्या. ठोसेघरला भाजलेलं कणीस खाल्लं. धबधब्याकडे गेलो नाही, गेलो असतो तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

पठारावर चढलं की आधी दिसतात त्या पवनचक्क्या. हे लक्षात ठेवा, कारण पवनचक्की उभी आहे म्हणजे तिथे वारा आहे, आणि वारा आहे म्हणजे फूल स्थिर राहणार नाही.

या दिवसांत सूर्य साधारण साडेसहाला मावळतो, पण साडेसहाला पोचून काही उपयोग नाही. आपल्याकडे सूर्य बराच सरळ खाली उतरतो. हात लांब करून चार बोटं आडवी धरा, तेवढं अंतर त्याला जेमतेम अर्धा तास पुरतं. खरं काम त्या अर्ध्या तासातच व्हायचं असतं. त्यातून परतीच्या पावसाचे ढग पश्चिमेला भिंत घालून बसलेले असतात. आमचा सूर्य सहा वीसलाच ढगात शिरला. म्हणून पाचला पोचा आणि फूल आधी हेरून ठेवा.

फूल हेरायचं ते सूर्याकडे तोंड करून, आणि खाली बसून. उभं राहून सगळी फुलं सारखीच दिसतात. बसलं की कळतं की सोनकीच्या पिवळ्या पाकळ्यांतून उजेड आरपार येतो, जणू आत कुणी वात लावली आहे. तेरड्याची पाकळी तर त्याहून पातळ, गुलाबी कागदासारखी. गेंदाचं तसं नाही. तो पांढरा बोंडका, त्यातून प्रकाश जात नाही, फक्त कडेला रुपेरी रेघ उमटते. तीही सुंदरच, पण पाठीमागे गडद काहीतरी हवं. मी सोनकी निवडली, आणि तीही घोळक्यातली नाही. रस्त्याच्या कडेला जांभ्याच्या उघड्या खडकाशी एकटी उभी होती, थोडी उजवीकडे कललेली. घोळक्यातलं फूल टिपायला चार फुलं तुडवावी लागतात. खडकावर मातीचा थर बोटभर असतो, त्यावर एकदा पाय पडला की काय उरतं ते बघवत नाही. आडवं व्हायचं ते रस्त्यावर किंवा उघड्या खडकावर. युरियाचं रिकामं पोतं न्या. मी नेलं नव्हतं, डावं कोपर अख्खा वेळ डबक्यात होतं.

अशी आडवी पडलेली असताना म्हशी घेऊन एक आजोबा आले.

“काय पडलं का वो ताई?”

“नाही, फुलाचा फोटो काढतेय.”

त्यांनी वाकून बघितलं. “ही? सोनकी हाय की ही,” म्हणाले आणि म्हशीमागे निघून गेले. फार कमी बोलून त्यांनी माझी पूर्ण किंमत केली.

आता पवनचक्कीचं. पहिल्या दहा फ्रेममध्ये सोनकीच्या डोक्यातून खांब उगवलेला होता. डोळ्याला तो दिसत नाही, कारण डोळा फुलाकडे असतो. उपाय सोपा आहे. फूल हातभर अंतरावर आणि पवनचक्की किलोमीटरभर लांब, त्यामुळे कॅमेरा वीतभर सरकवला की खांब पार बाजूला जातो. असंच उंचीचंही. कॅमेरा चार बोटं खाली नेला तेव्हा फुलामागे लख्ख आकाश आलं आणि पाकळ्यांची चमकच गेली. चार बोटं वर घेतला तर मागे पलीकडच्या उताराची सावली आली आणि सोनकी पेटली. त्या संध्याकाळी मी रचना म्हणून जे काही केलं ते एवढंच: फूल सोडून मागचं बघितलं.

माझी लेन्स ९० मिलीमीटरची मॅक्रो आहे, म्हणजे अगदी जवळचं टिपणारी. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) ४ ते ५.६ ठेवलं, वाऱ्यामुळे शटर १/८०० सेकंदापेक्षा संथ होऊ दिलं नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८००. उजेडाचा अंदाज कॅमेऱ्यावर सोडू नका. समोर सूर्य दिसला की त्याचं गणित बिघडतं. मी उजेडाची मोजणी पाकळीवर केली आणि त्यातूनही एक स्टॉप कमी केला, म्हणजे उजेड निम्मा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा. दोन झुळकांच्या मध्ये फूल क्षणभर थबकतं, तेव्हा पाच-सहा फ्रेम सलग. सूर्य फ्रेममध्ये असेल तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला, म्हणजे लेन्समधून थेट बघायच्या खिडकीला, डोळा लावू नका, मागच्या स्क्रीनवर बघा. डोळ्याशी खेळ नको.

आणि माझी चूक इथेच झाली. सूर्याच्या मोहापायी जवळजवळ सगळ्या फ्रेममध्ये तो वरच्या उजव्या कोपऱ्यात घेतला.

घरी मोठ्या स्क्रीनवर उघडलं तर नजर आधी सूर्यावर जाते, मग पवनचक्कीवर, आणि तिथून फुलाकडे येतच नाही. मी उभी फ्रेम काढली होती, ४०००×६००० पिक्सेल. आधी चारास-पाच प्रमाणात कापली. सूर्य अर्धा राहिला आणि कडेला चिकटला, हे सगळ्यात वाईट. एक तर तो पूर्ण ठेवा, नाही तर पूर्ण काढा. मग वरचा तिसरा हिस्सा उडवून चौकोन केला. उजवीकडे एक पांढरं गवताचं पातं आत घुसलं होतं, तेही काढलं, पण बेतानं, कारण फूल उजवीकडे कललं आहे आणि त्याला त्या बाजूला मोकळीक लागते. उरले ३६००×३६०० पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) बारा इंची प्रिंट. भिंतीला पुरेशी आहे. आणि सूर्य गेल्यावर फोटोत ऊन जास्त वाटायला लागलं.

पण कापून सूर्य जातो, त्याची धुंदी जात नाही. लेन्समध्ये शिरलेल्या उजेडानं सावल्या पांढुरक्या झाल्या होत्या, त्या काँट्रास्ट ओढूनही पुरत्या सावरल्या नाहीत. तुम्ही गेलात तर सूर्यासकट एक फ्रेम काढा, हौस भागवा. मग कॅमेरा थोडा वळवून सूर्य चौकटीबाहेर ठेवा, आणि दुसऱ्याला लेन्सवर टोपीची सावली धरायला सांगा. लेन्सवर काचेचा फिल्टर असेल तर काढून ठेवा. माझ्याकडे अशा फक्त तीन फ्रेम आहेत, तिन्ही हललेल्या.

मामेभाऊ टोपी धरायला तयार होता, पण त्याचं अर्धं लक्ष घाटाकडे. “ताई, धुकं चढतंय, चल आता.” त्याचं बरोबर होतं. सूर्य गेल्यावर दहा मिनिटांत धुकं रस्त्यावर आलं आणि ठोसेघरपर्यंत आम्ही वीसच्या वेगानं, कडेची पांढरी पट्टी धरून आलो. वळणावर गुरं बसलेली असतात. जर्किन आणि चालणारा हेडलाइट, एवढं असल्याशिवाय मावळतीला तिथे थांबू नका.

कापलेला फोटो मी प्रिंटला दिला आहे. मामेभावाला न कापलेलाच आवडला. त्याच्या मोबाइलच्या वॉलपेपरवर तो आहे, आणि घड्याळाचे आकडे बरोब्बर सूर्यावर येतात.