रिकामी सीट होती का?

तृतीय वर्षाच्या वर्गाला आधुनिक जगाचा इतिहास शिकवताना अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीच्या वाट्याला मोजकेच तास येतात. एका वर्षी या विषयावर निबंध लिहून आणायला सांगितले, तर जवळजवळ प्रत्येक वहीत तीच गोष्ट त्याच क्रमाने उतरलेली होती : दिवसभराच्या कामाने थकलेली, शिवणकाम करणारी एक बाई बसमध्ये बसली, गोऱ्या माणसाला जागा द्यायला तिने नकार दिला, तिला अटक झाली, मग मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले आणि वर्णभेद संपला. मुलांनी ही माहिती कोठून घेतली हे विचारण्याची गरज नव्हती. काहींनी तर संकेतस्थळावरील जाहिरातीची ओळसुद्धा इमानेइतबारे उतरवली होती. रागावण्यापेक्षा पुढचा तास संगणक कक्षात घ्यावा असे ठरवले. आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी असल्यामुळे वीज राहिली तर तास होणार, एवढी एकच धाकधूक होती.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर रोझा पार्क्स यांच्या अटकेची कागदपत्रे कोणालाही विनामूल्य पाहता येतात. मी प्रथम 1 डिसेंबर 1955 चा, अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी शहराच्या पोलिसांचा अहवाल पडद्यावर लावला. छापील नमुन्यावर टंकलेखन केलेला मजकूर जेमतेम काही ओळींचा आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा एक कृष्णवर्णीय स्त्री गोऱ्यांच्या भागात बसली असून मागे सरकायला तयार नाही असे बसचालकाने सांगितले, आम्हीही तिला पाहिले, चालकाने वॉरंटवर सही केली आणि नगरसंहितेच्या प्रकरण 6, कलम 11 खाली तिच्यावर आरोप ठेवला, असे दोन पोलिसांनी त्यात नोंदवले आहे. मुलांनी हे वाचून माना डोलावल्या, कारण निबंधातली गोष्ट आणि सरकारी कागद यांचा मेळ बसत होता.

त्यानंतर मी त्याच संग्रहातील बसचा आराखडा उघडला. हा आराखडा बसमधील वर्णभेदाविरुद्धच्या ब्राउडर विरुद्ध गेल या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाला होता आणि पार्क्स कोठे बसल्या होत्या ते त्यावर दाखवलेले आहे. वर्गातील एका मुलीचे वडील एसटीत वाहक आहेत. ती एरवी मागच्या बाकावरून फारशी बोलत नाही. परंतु आराखडा दिसताच ती उठून पडद्याजवळ आली आणि बोटाने रांगा मोजू लागली. पुढची दहा आसने गोऱ्यांसाठी राखीव असत, एवढे मी सांगितले होते. "मॅडम, मग ही बाई राखीव सीटवर नव्हतीच. राखीव सीटांच्या मागच्या रांगेत होती," ती म्हणाली. तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. राखीव आसने भरल्यावर एक गोरा प्रवासी उभा राहिला आणि चालक जेम्स ब्लेक याने त्या आसनांमागच्या रांगेतील चौघा कृष्णवर्णीयांना उठायला सांगितले. एका माणसासाठी चौघांना उठवायचे, कारण गोऱ्याच्या रांगेत दुसऱ्या वर्णाचा कोणी बसता कामा नये असा तेथील दंडक होता. तिघे उठले. पार्क्स उठल्या नाहीत.

"राखीव सीटवर कोणी बसला असेल तर पप्पा त्याला उठवतात. जनरल सीटवरच्याला कसं उठवणार? नियम काय होता?" तिने विचारले.

हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता, आणि त्या दिवसाचा उरलेला सगळा वेळ त्यानेच घेतला. अहवालात उल्लेख असलेले कलम 11 शोधायचे आम्ही ठरवले. निरनिराळ्या संकेतस्थळांवर त्याचा नुसता क्रमांक सापडत होता, मजकूर मात्र बराच शोध घेतल्यावर मिळाला. या कलमाने बसवरील कर्मचाऱ्याला वर्णभेदाच्या अंमलबजावणीपुरते पोलिसाचे अधिकार दिले होते, आणि त्याने सांगूनही आपल्या वर्णासाठी नेमलेल्या आसनावर न बसणे हा गुन्हा ठरवला होता. वाक्याच्या शेवटी मात्र एक अट होती : तसे आसन रिकामे असेल तर.

"मग रिकामी सीट होती का?" तिने लगेच विचारले. नव्हती, उठलेल्या तिघांना उभे राहूनच पुढचा प्रवास करावा लागणार होता. म्हणजे पोलिसांनी जे कलम लावले त्याच्याच शब्दांनुसार गुन्हा घडलेला नव्हता. 5 डिसेंबरला खटला उभा राहिला तेव्हा सरकारी वकिलाने शहराचे कलम बाजूला ठेवून राज्याच्या कायद्याचा आधार घेतला, त्यामागे हीच अडचण असावी असे मानायला जागा आहे. पार्क्स यांना 10 डॉलर दंड आणि 4 डॉलर खर्च भरण्याची शिक्षा झाली. कृष्णवर्णीयांनी बसवर घातलेला बहिष्कार त्याच दिवशी सुरू झाला.

थकलेल्या बाईची गोष्ट येथे आपोआपच मागे पडली. पार्क्स कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या त्या शहरातील शाखेच्या चिटणीस म्हणून वर्षानुवर्षे काम करत होत्या, आणि याच ब्लेकने 1943 मध्ये त्यांना बसमधून उतरवले होते. त्यांची हस्तलिखिते, पत्रे आणि छायाचित्रे 2016 पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर आहेत. अटकेच्याही आधीचा एक कागद 'जो ॲन रॉबिन्सन' या बाईंचा आहे. महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या या बाईंनी 21 मे 1954 रोजी महापौरांना पत्र लिहून बसचे प्रवासी तीन चतुर्थांश कृष्णवर्णीयच आहेत याची आठवण दिली होती आणि बहिष्काराची शक्यताही बोलून दाखवली होती. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री बहिष्काराच्या पत्रकाच्या हजारो प्रती काढणाऱ्याही त्याच. बसमधील वर्णभेद न्यायालयात संपला तो ब्राउडर खटल्यामुळे, आणि त्यातील वादींमध्ये पार्क्स यांचे नाव नाही. पंधराव्या वर्षी अटक झालेली क्लॉडेट कॉल्व्हिन मात्र आहे.

साधनांविषयी मुलांना मी थोडक्यात सांगितले. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या किंग संस्थेचा ऑनलाइन विश्वकोश तारखा ताडून पाहायला उत्तम आहे. खेड्यापाड्यांत मतदार नोंदणी करणाऱ्या तरुणांचे काम समजून घ्यायचे तर त्यांच्या एसएनसीसी या संघटनेविषयीचे 'एसएनसीसी डिजिटल गेटवे' हे संकेतस्थळ पाहावे, कारण ते त्या कार्यकर्त्यांच्या सहभागातूनच उभे राहिले आहे. ते मला स्वतःला सर्वांत आवडते. नुसते नाव पाहून विश्वास ठेवू नये, हेही सांगितले : किंग यांच्या नावाचे एक संकेतस्थळ कित्येक वर्षे वर्णवर्चस्ववाद्यांच्याच हातात होते. अस्सल कागदही खरेच बोलतो असे नाही. मिसिसिपी राज्याने 1956 मध्ये स्थापन केलेल्या सॉव्हरेन्टी कमिशनने चळवळीतील माणसांवर पाळत ठेवून जमवलेल्या फायली आज राज्याच्या अभिलेखागारात ऑनलाइन वाचता येतात. त्या वाचताना लिहिणारा कोण होता हे क्षणभरही विसरून चालत नाही. मॉन्टगोमेरीच्या पोलिसांनी ज्याला 'गोऱ्यांचा भाग' म्हटले, तो चालकाने बोट दाखवताच झालेला भाग होता, हे मुलांनी नुकतेच पाहिले होते.

तास संपत आला तेव्हा आपल्याकडच्या कोणाचा या लोकांशी संबंध होता का, असे एकाने विचारले. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील संग्रहात डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंताची कागदपत्रे आहेत, त्यांतील 1946 चे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे पत्र मी उघडले. अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील निग्रोंची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास आवश्यकच ठरतो, असे सांगून बाबासाहेबांनी निग्रो काँग्रेस या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या आहेत. ड्यू बॉइस यांचे 31 जुलैचे उत्तरही तेथेच आहे. दोन्ही पत्रे आम्ही मोठ्याने वाचली, आणि पुढच्या तासाची वेळ झाल्यामुळे संगणक कक्ष वाणिज्य शाखेच्या मुलांना द्यावा लागला.

निबंध पुन्हा लिहायला सांगितला तेव्हा प्रत्येक विधानाखाली कागद कोणाचा आणि तो कोणी जपला हे नोंदवण्याची अट घातली. वाहकाच्या मुलीने किंग यांचा उल्लेख शेवटच्या परिच्छेदात एकदाच केला होता. बाकीची सगळी पाने कलम 11 वर होती, आणि चालकाच्या हाती पोलिसाचे अधिकार देणारा नियम कोणत्या सभागृहाने व केव्हा केला, हे अजून सापडलेले नाही अशी टीप तिने खाली लिहिली होती.