चढाला खोकणारी पिकअप

ही २००६ची डिझेल पिकअप आळेफाट्याला आमच्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा तिच्यावर आधीच अठरा-वीस हजार खर्च झाले होते. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे चारही नोजल नवे, त्यांना प्रेशरने डिझेल देणारा रोटरी पंप कॅलिब्रेट करून बसवलेला, डिझेल फिल्टर दोनदा बदललेला. तक्रार जिथल्या तिथे. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्तरी, माळशेज चढताना गाडी खोकते. सपाटीला काही म्हणजे काही नाही."

गॅरेजमध्ये उभी असताना इंजिन सुरेल चालत होतं. अशा वेळी पुन्हा नोजल काढायचा मोह टाळायचा, कारण गाडी मिसिंग करत नसताना, म्हणजे झटके देत नसताना, काहीही बदललं तरी त्याचा उपयोग झाला की नाही हे कळत नाही. तरी चुकलं कुठे नसावं म्हणून पायाभूत तपासणी केली. स्लो रेसवर, म्हणजे पाय न देता, १७च्या पान्याने एकेका नोजलच्या पाइपचा नट अर्धा आटा ढिला केला. ज्याचा नट ढिला केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मरतुकडा. इथे चारही वेळा इंजिन सारखंच दबलं. (हे करताना नटावर जाड फडकं टाकायचं आणि बोट जवळ न्यायचं नाही. त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत शिरतं आणि तसं झालं तर थेट दवाखाना गाठावा लागतो.) कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला २६ ते २८ बारच्या दरम्यान, म्हणजे ठीक निघालं. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर हलवून, ओढून पाहिली. १२ व्होल्ट कुठे तुटत नव्हते. टाकीच्या झाकणाचा श्वास बंद असेल तर तासाभराने टाकीत व्हॅक्यूम होऊन गाडी उपाशी पडते, म्हणून तेही फुंकून पाहिलं. मोकळं होतं.

मग ड्रायव्हरला खोकते म्हणजे नेमकं काय होतं ते विचारलं. असं येतं-जातं खोकणं तीन दोषांनी होऊ शकतं आणि तिन्हींची लक्षणं वेगळी असतात. सोलेनॉइडची वायर सुटत असेल तर अख्खं इंजिन एकदम तुटतं आणि धूर येत नाही. टाकीतली डिझेलची जाळी चोंदली असेल तर ताकद हळूहळू उतरते, पाय दाबला तरी गाडी जड जड होत जाते. डिझेलची लाइन कुठे हवा धरत असेल, म्हणजे बाहेरची हवा आत ओढत असेल, तर झटके येतात, एक सिलिंडर चुकतो, मग दुसरा, आणि मागून पांढरा धूर निघतो, न जळलेल्या डिझेलचा, डोळ्यांत चुरचुरणारा. तो म्हणाला, पांढरा धूर येतो आणि मागच्या गाडीवाले हॉर्न मारतात.

म्हणजे हवाच. या गाडीला टाकीतून डिझेल आणणारा वेगळा फीड पंप नाही. रोटरी पंपच टाकीपासून डिझेल ओढतो, त्यामुळे टाकी, रबरी नळ्या, फिल्टर, हँडप्रायमर (हवा काढायचा हातपंप) हा सगळा रस्ता ओढीखाली असतो. या रस्त्यावर चीर असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. खाली ओल दिसत नाही म्हणून "लाइन ठीक आहे" असं समजणं ही इथली नेहमीची चूक. शिवाय थोडी हवा पंप रिटर्नवाटे, म्हणजे जादा डिझेल परत नेणाऱ्या नळीतून, टाकीत सोडून देतो. मिसिंग येतं-जातं ते त्यामुळेच.

फिल्टर आणि पंपाच्या मध्ये ८ मिलिमीटरची पारदर्शक नळी, हातभर लांबीची, दोन्ही टोकांना क्लिपा आवळून टाकली. इंजिन २००० आरपीएमवर धरलं. नळीत एक बुडबुडा नाही. गाडी दहा किलोमीटर फिरवून आणली, तरी नाही.

इथे अडलो. मग पुन्हा ड्रायव्हरकडे. ओतूरहून टोमॅटो आणि पालेभाजी भरून माळशेज उतरायचा, कल्याण करून वाशीला माल टाकायचा आणि रिकामी गाडी घेऊन परत घाट चढायचा. जाताना भरलेली गाडी ओतूरच्या चढउतारांवर कधी खोकली नाही, येताना रिकामी खोकते. नोजल किंवा कॉम्प्रेशनचा दोष भरलेल्या गाडीत आधी दिसला असता. इंजिनची उष्णता म्हणावी तर मुरबाडपर्यंतही ते तेवढंच तापलेलं असतं. जाताना आणि येताना वेगळं काय, तर टाकीतलं डिझेल. "कुठे भरता?" असं विचारल्यावर तो म्हणाला, "ओतूरला. घाट चढून आलं की टाकी फुल, मगच घरी."

म्हणजे गाडी प्रत्येक गॅरेजमध्ये फुल टाकीने जात होती, आमच्याकडेसुद्धा.

टाकीचं माप घेतलं. ८० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, २४ उंच, म्हणजे ५७ लिटरच्या आसपास. एक सेंटिमीटर उंचीला २.४ लिटर. टाकी चासीला लांबीत बसवलेली आणि ओढीचा पाइप तिच्या पुढच्या टोकाकडे, मधोमधपासून ३५ सेंटिमीटरवर. चढाला डिझेल मागे सरकतं आणि पुढे पाइपाजवळची पातळी खाली जाते. बाराला एक असा चढ धरला तर पाइपाशी जवळपास ३ सेंटिमीटर, म्हणजे टाकीत ७ लिटर कमी असल्यासारखं.

डिझेल कॅनने मोजून काढलं आणि टाकीत २८ लिटर ठेवलं. सपाटीवर नळी स्वच्छ. मग वॉशिंग रॅम्पच्या चढावर पुढची चाकं वर घेऊन गाडी उभी केली, मागच्या चाकांना लाकडी गुटके लावले, न्यूट्रलमध्ये पुन्हा २००० आरपीएम. चाळीसएक सेकंदांनी नळीत पहिला बुडबुडा सरकला. मग मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ लागली, मग बोटाच्या पेराएवढी मोकळी जागा धावत गेली, आणि तेवढ्यात इंजिनने पहिला झटका दिला. मागे पांढरा धूर. महिनोन्महिने जे कुणाला दिसलं नव्हतं ते पाच मिनिटांत डोळ्यांसमोर आलं.

पुढचं काम सरळ होतं. फिल्टरला येणारी नळी काढून ५ लिटरच्या कॅनमध्ये नवी नळी सोडली आणि कॅन बॉनेटजवळ टांगला. गाडी त्याच चढावर, तरी बुडबुडे बंद. म्हणजे फिल्टर, प्रायमर आणि पंप निर्दोष, दोष टाकीपासून फिल्टरपर्यंत. ती लाइन दोन्हीकडून सोडवली, एक टोक बंद केलं, दुसऱ्यातून ०.३ बार हवा दिली आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावलं. कुठेच फुगा नाही. उरला टाकीच्या आतला पाइप. लाइनची तपासणी करताना तो हमखास सुटतो, कारण लाइन टाकीपाशी सोडवली की तो टाकीतच राहतो.

टाकीवरच्या प्लेटचे पाच स्क्रू काढून, पातळी दाखवणाऱ्या फ्लोटसकट पाइप बाहेर घेतला. नुसत्या डोळ्यांना काही दिसेना. खालचं तोंड बंद करून पाइप पाण्याच्या बादलीत धरला, वरून हवा दिली, तर ओढीचा आणि रिटर्नचा पाइप एकत्र धरणाऱ्या पट्टीच्या वेल्डखालून बुडबुडे निघाले. पाइप पुसून बोटांनी जरा वाकवला तेव्हा केसाएवढी चीर उघडली आणि सोडल्यावर पुन्हा मिटली. टाकीच्या तळापासून मोजली तर साडेदहा सेंटिमीटरवर.

हिशेब पटला. सपाटीवर ही चीर २५ लिटरला उघडी पडते, घाटाच्या चढाला ३२ला. वाशीहून परत येताना घाटाच्या पायथ्याशी गाडीत ३० लिटरच्या आसपास असायचं. चढ संपला की चीर पुन्हा डिझेलखाली, आणि २५ची पातळी यायच्या आत ओतूरचा पंप.

चिरेवर ब्रेझिंग, म्हणजे पितळेने झाळकाम, करता आलं असतं, पण वेल्डजवळचा पत्रा एकदा थकला की शेजारी पुन्हा फुटतो. त्या मापाचा नवा स्टीलचा पाइप प्लेटमध्ये ब्रेझ केला, टाकीपासून लांब, प्लेट धुऊन-सुकवून. तांब्याचा पाइप सहज वळतो म्हणून लोक तो घालतात, पण तांब्याच्या संगतीत डिझेल लवकर बिघडून चिकट होतं. खालचं तोंड तिरकं कापलं, तळापासून १५ मिलिमीटर वर ठेवलं आणि दोन पाइपांना धरायला वेल्डऐवजी रबर लावलेली क्लिप दिली, म्हणजे हादरे एका जागी साचत नाहीत. जाळी साफ केली, टाकीच्या तळाचा मूठभर काळा गाळ काढला, प्लेटखाली नवं पॅकिंग टाकलं. फिल्टरचा हवा काढायचा ब्लीड स्क्रू ढिला करून प्रायमर कडक होईपर्यंत दाबला, नंतर नोजलचे नट ढिले करून स्टार्टर मारत हवा काढली.

चाचणी मुद्दाम कमी डिझेलवर घेतली. टाकीत २८ लिटर ठेवून माळशेज उतरलो, पायथ्याला वळलो तेव्हा २५च्याही खाली होतं. पूर्ण घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. एकही झटका नाही, आरशात धूर नाही, वर थांबून बॉनेट उघडलं तर नळी स्वच्छ पिवळी.

ती पारदर्शक नळी गाडी देताना काढून घेतली आणि जागी डिझेलची रबरी नळी टाकली. ड्रायव्हरला ती तशीच हवी होती, डोळ्यांना दिसतं म्हणून. पण डिझेल आणि बॉनेटखालची उष्णता यांनी ती कडक होते आणि मग क्लिपेखालीच हवा धरायला लागते.