मुकुटाशेजारची रिकामी जागा

नववीत असताना एका रात्री विज्ञानाच्या सरांनी आम्हाला शाळेच्या गच्चीवर नेलं. उत्तर मुकुट या तारकासमूहाची कमान आम्हाला पटकन सापडली. सर म्हणाले, "आता तिच्या कडेला जे दिसत नाही, तिकडे बघा."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन आकडे होते, १८६६ आणि १९४६. त्या दोन वर्षी त्या रिकाम्या जागी एरवी न दिसणारा एक नवतारा (नोव्हा) दिसला होता, पहिल्या खेपेला जवळजवळ ध्रुवताऱ्याइतका ठळक. सरांनी १९४६ मध्ये ८० मिळवायला लावले आणि त्या वर्षी आपलं वय काय असेल तेही लिहायला सांगितलं. माझ्या वहीत ५६ आलं.

मग परीक्षेत मी लिहिलं, 'नवतारा म्हणजे नव्याने जन्मलेला तारा.' सरांनी गुण कापले, पण मधल्या सुट्टीत बोलावून सगळं नीट समजावलं. तिथे एक नाही, दोन तारे आहेत. एक म्हातारा, फुगलेला, तांबडा राक्षसी तारा. दुसरा श्वेत बटू, म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, आकाराने साधारण पृथ्वीएवढा, पण वस्तुमानाने सूर्याहून भारी. सुमारे २२७ दिवसांत ते एकमेकांभोवती फेरी पूर्ण करतात, आणि इतके जवळ आहेत की बटूच्या ओढीने राक्षसी ताऱ्याला थेंबासारखा आकार आला आहे. त्याच्या टोकातून हायड्रोजन निसटतो, बटूभोवती तबकडीसारखा फिरतो आणि पृष्ठभागावर थर साचत जातो. थर पुरेसा दाबला, तापला की हायड्रोजनचं हीलियम होऊ लागतं आणि सगळा थर एकदम पेटतो. तारा हजारभर पटींनी उजळतो, आठवड्याभरात पुन्हा नजरेआड होतो. बटू मात्र शाबूत राहतो आणि थर पुन्हा साचू लागतो. इतर बहुतेक नवताऱ्यांना यासाठी हजारो वर्षं लागतात. हा बटू चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे श्वेत बटूच्या कमाल वस्तुमानाच्या, अगदी जवळ, म्हणून त्याला थोडाच थर पुरतो. हे कळलं तेव्हा मला झालेला आनंद आजही तसाच आठवतो.

लेस्ली पेल्टिअर यांची गोष्टही सरांनीच सांगितली. या निरीक्षकाने पंचवीस वर्षं त्या ताऱ्यावर नजर ठेवली. १९४६ च्या फेब्रुवारीत एका पहाटे जाग आली, घसा धरल्यासारखा वाटला म्हणून ते पुन्हा झोपले. तारा नेमका त्याच रात्री भडकला. सांगताना सरांचा आवाज कातर झाला होता.

ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे तीन हजार वर्षं लागतात, म्हणजे ज्या भडक्याची आम्ही गणितं मांडत होतो, तो तेव्हाच वाटेवर होता. सर आता नाहीत. ती वही माझ्याकडे आहे. आकाश मोकळं असलं की झोपण्याआधी मी बाहेर जातो, कमान शोधतो आणि तिच्या कडेला बघतो. अंगात कणकण असली तरी जातो.